केरबा चालचलन बघतो

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव केरबा. गावाचं नाव कुसळवाडी. तशी भोळी माणसं गावात पुष्कळ होती, पण सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणारा हा एकटाच. "दाराकडे लक्ष ठेव" म्हटलं की हा दाराकडे बघत बसायचा. खिडकीतून चोर आला तरी हलायचा नाही. खिडकीचं त्याला कुणी सांगितलेलं नसायचं.

दिवाळी सरली की निम्मी कुसळवाडी ऊस तोडायला परमुलखात जायची. पाच-सहा महिने घरं बंद. मग लेकरांचं काय? म्हणून अनुसयाक्कांनी पंधरा वर्षांपूर्वी गावात वसतिगृह काढलं. आईबाप फडात, लेकरं वसतिगृहात. केरबा तिथला शिपाई. आक्कांचा त्याच्यावर जीव होता आणि दर दोन तासांनी रागही यायचा.

यंदा लेकरं बेचाळीस झाली. माणसं वाढवणं आलं. एक रखवालदार, एक स्वयंपाकी, एक गृहपाल. तेवढ्यात जिल्ह्याहून हुकूम आला. लेकरांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी झालीच पाहिजे. नुसता दाखला फायलीला लावायचा नाही, वसतिगृहाच्या माणसानं त्याच्या गावी जाऊन चौकशी करायची. नाहीतर वसतिगृहाला कुलूप.

कुलूप लागलं की लेकरं ट्रकमध्ये चढणार आणि थेट उसाच्या फडात, कोयत्यांच्या मधे. ट्रक भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी निघणार होते. हातात दिवस वीस, आणि अर्ज आलेले तीन दिशांनी. रखवालदार वऱ्हाडातला, स्वयंपाकी कोकणातला, गृहपाल शहरातला. आक्कांना हलता येईना, छपराचे पत्रे बदलायचे होते. राहिला कोण? केरबा.

"केरबा," आक्का म्हणाल्या, "वऱ्हाडात जा. त्या रखवालदार गुणवंतभाऊचं चालचलन कसं हाय ते नीट बघून ये."

"बघतो, आक्का."

केरबा वऱ्हाडात गेला. गुणवंतभाऊ शेताकडे निघाला होता. केरबा त्याच्या मागं. तो विहिरीवर गेला, केरबा मागं. तो दुकानात गेला, केरबा मागं. संध्याकाळी गुणवंतभाऊ गर्रकन वळला.

"काऊन बे, माह्या मांगं मांगं काऊन फिरून राह्यला?"

"तुमचं चालचलन बघतोय."

"मंग नीट पाय ना!" गुणवंतभाऊ मोठा सरळ माणूस. त्यानं धोतर सावरलं आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चारदा चालून दाखवलं. केरबानं मान डोलावली आणि परतीची गाडी धरली.

"काय रे, कसं हाय चालचलन?" आक्कांनी विचारलं.

"बरं हाय. डावा पाय जरा फाकतो, एवढंच."

आक्कांनी कपाळाला हात लावला. "अरे टोणग्या! चालायचं कोण बघायला सांगितलं होतं? शेजारीपाजारी त्याच्याबद्दल काय म्हणतात ते विचारायचं. आणि म्हणतात ते खरं का खोटं, याची आपण स्वतः खात्री करायची!"

"हात्तिच्या! असं सांगायचं की. आता तसंच करतो."

केरबा कोकणात निघाला, स्वयंपाकी सावळारामाच्या गावी. गाडीत बसल्या बसल्या घोकत राहिला: चालणं बघायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं. चालणं बघायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं. घोकता घोकता त्याचं लक्ष शेजारी गेलं. बाकावर एक जाड गृहस्थ डुलक्या काढत होते. केरबानं त्यांना हलवून उठवलं. "सावळाराम माणूस कसा हाय हो?"

"कोण सावळाराम? मी जेजुरीचा!"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही," केरबा म्हणाला. एका शेजाऱ्याची चौकशी झाली.

सावळारामाच्या घराशेजारी एक म्हातारी भेटली. तिनं तोंड भरून सांगितलं, "सावळाराम ना? तेच्या हाताक काय चव आसा म्हणान सांगू! पण बिचाऱ्याक मागे-पुढे कोण नाय हो."

आता खात्री करायची. केरबा सावळारामाच्या अंगणात शिरला. सावळाराम बांगडे साफ करत बसला होता. केरबानं त्याच्या पुढं बघितलं. पुढं मांजर. मागं बघितलं. मागं दुसरं मांजर. मग त्यानं सावळारामाचा उजवा हात धरला, तोंडाजवळ नेला आणि चाटला.

"रे मेल्या! हात कित्याक चाटतंस?" सावळाराम किंचाळला.

"खात्री करतोय," केरबा म्हणाला आणि तोंड वाकडं करून थुंकला.

कुसळवाडीला येऊन त्यानं सांगितलं, "आक्का, शेजारीण साफ खोटारडी. म्हणे मागे-पुढे कोण नाही. दोन मांजरं होती. म्हणे हाताला चव हाय. कसली चव? नुसता बांगडा."

आक्कांनी पुन्हा कपाळाला हात लावला. मग त्यांनी स्वतः दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांना फोन लावले, दोन्ही गावच्या पोलीस पाटलांशी बोलल्या. गुणवंतभाऊ आणि सावळाराम, दोघंही निर्धोक निघाले. दोघांचे दाखले टपालानं आले आणि आक्कांनी ते टेबलावर वजनाखाली ठेवले.

राहिला तिसरा. सर्वोत्तमराव. हा माणूस गृहपाल म्हणून लेकरांजवळ चोवीस तास राहणार होता, म्हणून आक्कांना त्याचीच जास्त काळजी. "केरबा, आता शेवटचं सांगते. लोकांच्या बोलण्यावर जाऊ नको. तुला त्यातलं काही कळत नाही. कागद बघ. कागदच काय ते बोलतो. आणि त्यात कुठं पाणी मुरतंय का, तेवढं बघ."

"बघतो, आक्का."

केरबा घोकत शहरात गेला: चालणं बघायचं नाही, शेजाऱ्यांचं ऐकायचं नाही, कागद काय बोलतो ते ऐकायचं, पाणी कुठं मुरतंय ते बघायचं.

जिन्यातच सर्वोत्तमरावांची शेजारीण भेटली. केरबा कुठून आला ते कळल्यावर तिनं त्याची बाही धरली. "बरं झालं भेटलात! अहो, त्या माणसाला लेकरांजवळ—"

केरबानं दोन्ही कानांत बोटं घातली. बाई बोलत राहिली, हातवारे करत राहिली, डोळ्यांना पदर लावत राहिली. केरबा बोटं घट्ट दाबून जिना चढला. शहाण्यालाही राग यावा असा हा शहाणपणा. पण त्याला तसंच सांगितलं होतं, करणार काय!

सर्वोत्तमराव गोडबोल्या माणूस. "या, या, बसा. पंखा लावू?" त्यांनी फाईल पुढं केली. दाखल्यावर एक नाही, दोन नाही, पाच शिक्के. तेही जांभळे, गोल गरगरीत.

केरबानं दाखला कानाला लावला. बराच वेळ लावला.

"काय करताय?" सर्वोत्तमराव हसत म्हणाले.

"कागद बोलत नाही," केरबा म्हणाला. "जरा तांब्याभर पाणी द्या."

सर्वोत्तमरावांनी थंडगार पाणी आणून दिलं. केरबानं ते सगळं दाखल्यावर ओतलं.

"अहो! हे काय?"

"पाणी कुठं मुरतंय ते बघतोय. आक्कांनी सांगितलंय."

सर्वोत्तमरावांचं हसू एकदम मावळलं. "काय सांगितलंय आक्कांनी?"

"यात कुठं पाणी मुरतंय का ते बघ म्हणाल्या."

"म्हणजे... त्यांना कळलं?"

"आक्कांना सगळं कळतं," केरबा म्हणाला. ते मात्र खरं होतं.

सर्वोत्तमरावांनी घाम पुसला. "बसा हं. चहा टाकतो," म्हणून आत गेले. केरबा बसला. तास गेला, दोन तास गेले. चहा काही आला नाही. आत डोकावला तर मागचं दार सताड उघडं.

"आक्का, पाणी कुठंच मुरलं नाही," केरबानं येऊन सांगितलं. "सगळं वाहून गेलं. शिक्केपण गेले. चालणं बघायचं नव्हतं, पण जाताना खिडकीतून दिसलंच म्हणून सांगतो, भारी झपझप चालतात. आणि शेजारीण काही सांगत होती, पण मी ऐकलं नाही."

आक्कांनी तो ओला कागद हातात घेतला. शिक्क्यांच्या जागी लाल-जांभळे ओघळ उतरले होते. त्यांनी बोट लावलं, हुंगलं. बीट! कुणीतरी बटाट्याचा शिक्का कोरून बिटाच्या रसात बुडवला होता.

त्यांनी शहरातल्या ठाण्याला फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुणी बोलत होतं. आक्का नुसतं "हं, हं" म्हणत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

"असा दाखला त्यांनी दिलाच नाही. दोन वसतिगृहांतून हाकललाय त्याला. लेकरांना पट्ट्यानं मारायचा." त्यांनी केरबाचा हात धरला. "केरबा, तुझ्या येडेपणानं आज माझी बेचाळीस लेकरं वाचली रे. गृहपालाचं काम यंदा मीच करीन."

केरबाला काही कळलं नाही, पण आक्का रडायला लागल्या म्हणून तोही रडला.

डोळे पुसून आक्का म्हणाल्या, "आता फाटकावर तू. एकच लक्षात ठेव. लेकरं आत. मोठ्यांपैकी ज्याच्याजवळ दाखला हाय तो आत, नाही तो बाहेर. मग तो कुणी का असेना. माझा सख्खा भाऊ आला तरी!"

हे मात्र केरबाला पक्कं कळलं.

ट्रकचा दिवस उजाडला. गावात भोंगे वाजू लागले. वसतिगृहापुढं ही गर्दी! आया लेकरांच्या वळकट्या घेऊन आलेल्या. केरबा फाटकावर ताठ उभा. लेकरं एकेक करून आत, आया बाहेर. सहा वर्षांची पुतळी आपली शेळी घेऊन आली होती. आईबाप चालले, शेळीला घरी कोण बघणार?

"शेळी लहान का मोठी?" केरबानं विचारलं.

"मोठी. दोनदा व्यालीय."

"मग दाखला?"

शेळी बाहेर राहिली. पुतळी रडत आत गेली.

गुणवंतभाऊ आणि सावळाराम बाजारातून भाजी घेऊन आले.

"दाखले?"

"आक्कांच्या टेबलावर हायेत ना बे!"

"मग आत जाऊन घेऊन या."

"मंग सोड ना आत!"

"दाखल्याशिवाय कसं सोडू?"

एवढ्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी नोंदवहीत सही केली तरच वसतिगृह चालू. आक्का लगबगीनं फाटकाबाहेर येऊन म्हणाल्या, "या साहेब, आत या."

साहेबांजवळ दाखला नव्हता. साहेब बाहेर. आक्का चिडून आत जायला वळल्या, तर केरबा आडवा.

"आक्का, तुमचा दाखला?"

"माझा? अरे हे वसतिगृह मी काढलंय!"

"तुमचा सख्खा भाऊ आला तरी सोडायचं नाही म्हणालात. तुम्ही तर भावाच्यापण जवळच्या."

"खरंच की," आक्का हळूच म्हणाल्या. "पंधरा वर्षं मी सगळ्यांचे दाखले मागतेय. माझा कुणी मागितलाच नाही. मलाही कधी सुचलं नाही." त्यांना भर गर्दीत लाज वाटली. "उद्या सकाळी पहिला अर्ज माझा."

"मग उद्या आत या," केरबा म्हणाला. तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं. "अरेच्चा! दाखला तर माझ्याकडंपण नाही."

तो गुमान बाहेर आला. फाटकाला कुलूप लावलं. किल्ली दाखला नसलेल्या माणसाच्या हाती ठेवणं बरं नाही, म्हणून गजांतून पुतळीच्या हातात दिली. "पोरी, कुणी आलं तर आधी चालचलन बघ, मगच उघड."

झालं! बेचाळीस लेकरं आत आणि एकूण एक मोठं माणूस बाहेर.

साहेब आधी लाल झाले, मग खो खो हसत सुटले. गुणवंतभाऊ-सावळारामाच्या पडताळणीच्या नकला त्यांच्या पिशवीत होत्याच. त्यांनी भिंतीवर नोंदवही टेकवली आणि लिहिलं: 'येथे दाखल्याशिवाय कोणासही प्रवेश मिळत नाही. मी स्वतः बाहेर उभा आहे.' खाली सही ठोकली. आयांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. वसतिगृह चालू झालं.

"पुतळे, उघड गं बाई आता," आक्का म्हणाल्या. "या दोघांना तरी आत घे."

"आधी चालून दाखवा," पुतळी म्हणाली.

काय करता! गुणवंतभाऊ "मी तं मांगंच चालून दाखोलं बे!" म्हणत चालला. त्याच्या मागं सावळाराम. त्यांच्या मागं पदर खोचून आक्का, आणि हौसेनं साहेबसुद्धा. पुतळीनं गजांना नाक लावून सगळ्यांना नीट बघितलं.

"एकाचा पाय फाकतोय. एक फरफटत चालतंय. आक्का धावतायत. साहेब डुलतायत," ती म्हणाली. "चालचलन एकटीचंच बरं हाय."

तिनं कुलूप उघडलं, शेळीला आत घेतलं आणि कुलूप पुन्हा लावलं.

शेळी टप टप करत सरळ आक्कांच्या खोलीत गेली. खिडकीतून सगळ्यांना दिसलं. तिनं टेबलावर पाय ठेवले, वजन पाडलं, आणि गुणवंतभाऊचा दाखला खाल्ला. मग सावळारामाचा.

"मेल्या केरब्या!" आक्का ओरडल्या. "दाखला नसताना शेळी आत गेलीच कशी?"

केरबानं खिडकीतून नीट निरखून बघितलं.

"गेली तेव्हा नव्हता, आक्का," तो म्हणाला. "आता हायेत की. चांगले दोन!"