मधलं काढायचं

रंगाच्या गोळ्या उडवायच्या बंदुका खेळात नव्या नव्या होत्या, तेव्हाची गोष्ट. अशा एका बंदुकीच्या पोटात हातोडी, स्प्रिंग आणि दट्ट्या राहत. स्प्रिंग मधोमध, पण कोणावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून दोघांपासून अंतर राखून.

एकदा मैदानाच्या मालकीणबाईंनी ती बंदूक शिकंदर मिस्त्रींपुढे ठेवली. "फार लांबुडकी आहे, मिस्त्री. पोरांना पेलत नाही. आखूड करून द्या."

मिस्त्रींनी बंदूक उघडून आत पाहिलं. "होईल, बाई. मधलं काढून टाकतो."

स्प्रिंगने ते ऐकलं. मधली म्हणजे तीच. "तुमचं दोघांचं आधीच ठरलंय ना?" तिने विचारलं.

"आम्हाला काय ठाऊक, ताई?" दट्ट्या म्हणाला.

आजवर कधी ताई म्हणाला नव्हता. इथेच पाणी मुरतंय, असं स्प्रिंगने मनाशी धरलं. आपण जरा दबलो, की हे दोघं आपल्या जागेवर सरकणार. मग दबायचंच नाही.

मिस्त्रींनी तिला अंगठ्याने दाबून पाहिलं. ती ताठच राहिली. पुन्हा दाबलं, तरी तेच.

"ही अडून बसलीय," म्हणत त्यांनी तिला भंगाराच्या डब्यात टाकलं आणि तिच्या जागी दुसरी स्प्रिंग बसवली. मग तिघांना एकमेकांलगत सरकवून बंदूक बाईंच्या हातात दिली.

"काय काढलंत?" बाईंनी विचारलं.

"मधली पोकळी. उगाच अंतर ठेवून बसले होते."

डब्यात स्प्रिंगला ऐसपैस जागा होती. तिच्याकडे सरकणारं तिथे कोणीच नव्हतं.