मौला मिस्त्री आणि हरवलेली टिकटिक

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. विचारलं की जो तो आपला आकडा सांगत बसतो आणि गोष्ट राहते बाजूला. निंबेवाडीत तेव्हा एकच ट्रॅक्टर होता, तोही जुना, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचा. साऱ्या गावानं मिळून घेतलेला. तो आला त्या वर्षी लोकांना एवढी हौस आली, की घरोघरच्या बैलांना बाजार दाखवला. अरे, चार तरी राहू द्या, असं एकानं म्हणावं की नाही? कुणीच म्हटलं नाही. एरवी साऱ्यांना कंठ फुटलेला असतो.

गावच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन मौला मिस्त्री सांभाळायचा. असं म्हणतात, की गिरणीचा पट्टा पुढच्या आठवड्यात कुठल्या वारी तुटणार, ते तो आज सांगायचा. असं म्हणतात, की सडकेनं जाणाऱ्या गाडीचा कुठला नट ढिला झालाय, ते त्याला जेवता जेवता कळायचं, आणि मग घास गिळवायचा नाही. लोखंडावर तो जन्मात कधी चिडला नाही. माणसांवर चिडला नाही असा दिवसही गेला नाही, आणि त्यात चूक त्याची नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो.

त्या साली हस्ताचा पाऊस झोडपून पडला आणि मग उघडला. रान वाफशावर आलं. म्हणजे चिखलही नाही आणि वाळलंही नाही, बी टाकलं की धरणार. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायला याहून चांगला योग नाही, आणि हा योग चार-सहा दिवसांच्या वर टिकत नाही. नेमका तेव्हाच ट्रॅक्टरनं दगा दिला. सकाळी गार असताना नीट चालू व्हायचा. अर्धा तास पेरणीची पाभर ओढली, इंजिन तापलं, की फाट फाट करत कार्बोरेटरमधून उलटे बार काढायचा आणि अर्ध्या ओळीतच मरून पडायचा.

मग काय, सारं गाव मिस्त्री झालं. एकानं प्लग बदलले. एकानं रॉकेल धोतरातून गाळलं. एकानं नारळ फोडला. येणारा-जाणारा कार्बोरेटरचा स्क्रू थोडा पिळून जायचा, वाटेत आंब्याला दगड मारावा तसा.

या गर्दीच्या कडेला रोज केराबाई येऊन उभी राहायची. नवरा गेलेला, माळावर दोन एकर हलकं रान, बैल होता तो साऱ्यांचं बघून विकलेला. काळ्या रानात ओल पाच-सहा दिवस राहते, माळावर तीन दिवसांत उडते. आणि पेरणीच्या यादीत केराबाईचं नाव सगळ्यात खाली. का, तर यादी ओढ्यापासून सुरू होते आणि माळावर संपते. तशीच का, तर तशीच. ती रोज सकाळी रानातली मूठभर माती वळून बघायची. पहिल्या दिवशी लाडू वळला. दुसऱ्या दिवशी वळला, पण भेगाळला. तो शाळू गेला असता, तर वर्षभर दुसऱ्याच्या दारात भाकरी मागायची वेळ होती तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाला तरी सुचलं, की मौलाला बोलवावं. गिरणी शंभर पावलांवर होती, बरं का.

मौला आला. स्क्रू बघितला. "किती जणांनी हात लावलाय याला?" म्हणाला. कुणीच लावला नव्हता. "मग आपोआप फिरला असंल," म्हणाला, आणि स्क्रू जागेवर आणून त्यानं ट्रॅक्टर चालू करायला लावला. मग शेजारी उकिडवा बसून राहिला. काही करेना. लोक वैतागले. हा म्हणे प्लगच हाय, तो म्हणे रॉकेलच हाय.

"तोंडं मिटा," मौला म्हणाला. "तुमचं ऐकायला नाही आलो. त्याचं ऐकायला आलोय."

असं म्हणतात, की तेव्हा गाव गप्प झालं ते झालंच, लिंबावरचे कावळेही गप्प झाले. इंजिन तापलं. बार निघू लागले. मौलानं कागदाचा कपटा सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. धुरानं कपटा बाहेर फडफडायचा, आणि मध्येच एकदा आत ओढला जायचा. मग त्यानं ड्रायव्हरकडं बघितलं. सिद्राम त्याचं नाव. ट्रॅक्टर रोज पुसून घासून ठेवणारा माणूस.

"सिद्राम, बार निघतात ते सगळ्यांनी सांगितलं. आधी टिकटिक यायची, ती कुठं गेली?"

सिद्रामची छाती फुगली. "मीच घालवली की. लोक हसायचे, म्हातारीचे दात वाजतात म्हणून. वॉल्व्हवरच्या टॅपेटची फट ढिली होती, ती आवळून टाकली. आता कसा गपगार चालतो."

मौलानं कपाळावर हात मारून घेतला. असं म्हणतात, की तो आवाज गिरणीपर्यंत ऐकू गेला.

"अरे बाबा, लोखंड तापलं की वाढतं. त्याला वाढायला तू जागाच ठेवली नाहीस. वॉल्व्हची झडप मिटायची कशी? उघड्या तोंडानं जाळ बाहेर पडतोय. अजून दोन दिवस ओढला असतास, तर आठच्या आठ वॉल्व्ह जळून गेले असते."

इंजिन गार होऊ दिलं. झाकण काढलं. खिशातलं पोस्टकार्ड फाडून त्याची पट्टी केली आणि आठही वॉल्व्हवर, पट्टी जरा अडत सरकेल एवढी फट ठेवली. पुन्हा चालू केला. टिकटिक आली. तापला, तासभर तापला, बार एक नाही.

आणि लगेच, बघा आता, तिथंच यादीवरून भांडण. माझा नंबर, नाही माझा नंबर, दोन दिवस वाया गेले त्याचं काय. मौला हात पुसत होता. त्यानं फडकं खाली टाकलं.

"ज्याची ओल आधी जाते, त्याचं रान आधी. एवढं पण मिस्त्रीनंच सांगायचं?"

आणि सिद्रामला खाली उतरवून तो स्वतः चढला आणि पाभरीसकट सरळ माळाची चढण चढला. केराबाई मागून पळत होती, पदरात बियाणं घेऊन.

असं म्हणतात, की पुढं चार दिवस ते इंजिन बंद केलंच नाही. असं म्हणतात, की केराबाईची कणसं त्या साली एवढी भरली, की ताटं वाकून शेजारच्या बांधावर टेकली.

आज निंबेवाडीत अकरा ट्रॅक्टर आहेत, ज्याचा त्याचा. तरी वाफसा आला, की जो पहिला तयार होतो तो स्वतःच्या काळ्या रानावरून पुढं निघून माळावर जातो, आणि तिथल्या हलक्या रानात, मग ते कुणाचंही असो, मौलाच्या नावानं पेरणीचं पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, धरतो. ते रान पेरून होईपर्यंत खाली कुणी पाभर लावत नाही. भांडत नाहीत असं नाही. भांडतात, पण माळ पेरून खाली आल्यावर.