खांडीवरची चूल

स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला 'खांडपाडा' म्हटलं, की तो आधी नाही म्हणतो, मग जास्त पैसे सांगतो आणि शेवटी जिथे डांबर संपतं तिथे सोडून देतो. तिथून चालायचं. मागे टेकडी, पुढे खाडी, मधल्या जुन्या भातखाचरांवर आता टॉवर, आणि अगदी पाण्याच्या कडेला, मातीच्या लांबलचक बांधावर, घरांची एकच एक ओळ. या गावाला गल्ली नाही की चौक नाही. जुनी आगरी घरं थोडी. त्यांच्या माड्यांवर आता सातारा, कलबुर्गी, जौनपूरकडची भाडेकरू मंडळी राहतात. पण घर जुनं असो वा नवं, चूल नाहीतर गॅसची शेगडी खाडीकडच्याच भिंतीला.

नवा पाहुणा हमखास विचारतो, एवढी टेकडी मोकळी असताना पाण्याच्या जबड्यात घरं बांधायची बुद्धी कोणाला झाली? मग ओटीवरची म्हातारी माणसं त्याला आधी चहा पाजतात आणि आंबीची गोष्ट सांगतात.

असे सांगतात, की त्या काळी गाव टेकडीच्या कुशीत होतं. खाली शेती, आणि शेतीच्या पुढे खाडी अडवणारा हा बांध. त्या बांधाला एक खोड होती. दर पाच-सहा वर्षांनी, पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला, तो एकाच ठिकाणी फुटायचा. बांध फुटतो त्या जागेला खांड म्हणतात. खांड पडली की खारं पाणी शेतात, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या मातीत दाणा नाही. लोक रडतभेकत खाली यायचे, खांड बुजवायचे आणि परत टेकडीवर जाऊन बसायचे. वर्षभर बांधाकडे कोणी ढुंकून बघत नसे. तहान लागल्यावर विहीर खणायची, तशातली गत.

एका वर्षी आषाढातच खांड पडली. नारळी पुनवेचं उधाण अजून यायचं होतं. गावाने भगताला बोलावलं. भगत घुमला आणि म्हणाला, बांधाला माणूस पायजे. कसलं माणूस? तर गावात न जन्मलेलं, बाहेरून आलेलं, मूलबाळ नसलेलं. ते खांडीत पुरलं तरच बांध टिकेल.

नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. आंबी पलीकडच्या तीरावरची, त्याच उन्हाळ्यात धर्मीची सून होऊन आलेली. नवरा पावसाआधीच मीठ वाहणाऱ्या मोठ्या होडीवर, मचव्यावर, दूर गेलेला, तो दिवाळीआधी येत नव्हता. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर गेल्या. आंबीने सासूकडे पाहिलं. एक शब्द तरी बोलेल, एवढीच तिची आशा. धर्मी जमिनीकडे बघत राहिली.

त्या गप्प बसण्याने आंबीचं काळीज फाटलं. मरणाची भीती होतीच, पण त्याहून हे जास्त लागलं. पहाटे उठून या घरासाठी तांदूळ कांडायचे, सासूच्या पायाला तेल चोळायचं, आणि वेळ आली की आपण बाहेरच्या! खाडीकाठी होडी बांधलेली होती. माहेर समोर दिसत होतं. पळून जाणं सोपं होतं. पण आपण गेलो तर हे लोक उद्या दुसऱ्या कोणाची तरी सून शोधतील, हेही तिला कळत होतं.

ती घरात गेली. चुलीचे तीन दगड उचलून टोपलीत घातले, एका खापरात निखारे घेतले आणि सगळ्या गावादेखत टेकडी उतरली. नुकत्याच बुजवलेल्या, ओल्या खांडीवर तिने चूल मांडली.

"बांधाला मानूस पायजे ना?" ती म्हणाली. "ही मी बसली. त्याला पायजे त तो नेईल मना. तुमी कोन हात लावनारे?"

भगत गोंधळला. देवाचं देव नेणार म्हणते, तर नाही कसं म्हणायचं? नारळी पुनवेपर्यंत थांबायचं ठरलं. गाव टेकडीवर, आंबी खांडीवर.

आता मजा बघा. पिढ्यान्‌पिढ्या जे कोणाला दिसलं नव्हतं, ते तिला पहिल्याच भरतीला दिसलं, कारण भरतीच्या वेळी तिथे आजवर कोणी बसलंच नव्हतं. बांधाच्या कुशीत खेकड्यांची बिळं होती. बिळातून पाणी झिरपायचं, आतली माती सुटायची, आणि वरून धडधाकट दिसणारा बांध आतून पोकळ व्हायचा. ती भरतीला बिळं हेरायची आणि ओहोटीला चिखलात पेंढा तुडवून ती ठासून भरायची. मग टोपली टोपली माती आणून बांध चढवायचा. हात फुटले, नखं गेली. चुलीवर भात शिजवायचा, खायचा, की परत चिखलात. रडू आलं तर रडायची, पण टोपली खाली ठेवत नसे.

वरून धर्मीला हे सगळं दिसायचं. ताट बाजूला सारून ती टेकडीच्या कडेला येऊन उभी राहायची म्हणे.

नारळी पुनव आली. दुपारची भरती चढली आणि खाडी अशी फुगली, की म्हाताऱ्यांनीही तसलं पाणी पाहिलं नव्हतं. सगळं गाव टेकडीवरून बघत होतं. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं. एक बीळ राहून गेलं होतं. तिथून धार फुटली. आंबीने चिखल लावला, वाहून गेला. परत लावला, परत गेला. शेवटी ती पाठ लावून तिथेच बसली आणि पाय रोवले.

"तो बघा, नेतोय तिला!" भगत ओरडला.

आणि इतके दिवस न बोललेली धर्मी बोलली.

"ती परगावची, त मी कुटली रं?" तिने डोक्यावर टोपली घेतली. "मी पन भायरनंच आलेली हाय. मना पन पुरा!"

म्हातारी धावत उतरली ती थेट खांडीत. सुनेच्या खांद्याला खांदा लावून चिखलात बसली. आंबीने मान वळवून पाहिलं, आणि इतके दिवस आवरून धरलेला हुंदका तिला फुटला.

"आये, तू कशाला आलीस?"

"उशिरा आली, बाय. आता गप, पाय रोव."

वर बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोण कुठल्या गावची, कोण कुठल्या. लग्न होऊन आलेली एकूणएक बाई बाहेरचीच होती की! एकीने टोपली उचलली, मग दुसरीने, मग टेकडीवर फक्त पुरुष उरले. त्यांनाही अखेर लाज वाटली. भगतसुद्धा डोक्यावर चिखलाची टोपली घेऊन उतरला, असे सांगतात, आणि हे सांगताना बायका अजून हसतात.

बीळ बुजलं. उधाण माथ्यापर्यंत येऊन माघारी फिरलं. एवढ्या पाण्यात आंबीची चूल विझली नाही, म्हणे. निखारा ओल्यात कसा राहील, अशी शंका मलाही येते, पण खांडपाड्यातल्या म्हाताऱ्यांपुढे ती काढण्याची माझी छाती नाही.

लोकांनी आंबीला वर चल म्हणून विनवलं. ती म्हणाली, बांध राखायचा तर बांधावर राहावं लागतं, मी इथंच. धर्मीने दुसऱ्याच दिवशी आपलं घर उतरवलं. दिवाळीपर्यंत सगळं गाव बांधावर आलं. मचव्यावरून परतलेला आंबीचा नवरा टेकडीवर घर शोधत हिंडला, त्याची वेगळीच गंमत सांगतात.

आजही खांडपाड्यात नवी नवरी आली, की उंबऱ्याआधी तिला बांधावर नेतात. सासू जरीचं लुगडं खोचून स्वतः आधी चिखलात उतरते, मग सुनेला हात देऊन खाली घेते आणि दोघी मिळून एक टोपली माती लावतात. भाडेकरूची बायको जौनपूरहून आली तरी हे चुकत नाही. तिची सासू इथे नसते, म्हणून शेजारची कोणीतरी म्हातारी उतरते. गुडघे दुखत असले तरी उतरते, आणि वर हात करून म्हणते, "ये बाय, मी पन भायरचीच."