सुरमईला हवे होते नितळ पाणी

मुलांनो, माशांनी भरलेल्या समुद्राचे पाणी हिरवट का असते, ठाऊक आहे का? फार पूर्वी एका निवांत खाडीत एक रूपगर्विता सुरमई राहत असे. ईश्वराने पाण्यात पेरलेल्या सूक्ष्म हिरव्या कणांमुळे तिला आपले चंदेरी प्रतिबिंब धूसर दिसे.

“ही धूळ खाऊन संपवा!” तिने तारल्यांना, खाडीतल्या त्या चिमुकल्या माशांना, फर्मावले.

“बाईसाहेब, बियाण्यापुरती तरी राहू द्या,” म्हातारी तारली म्हणाली. “ती आमचे अन्न, आणि आम्ही तुमचे.”

“मोठी शहाणी!” म्हणत सुरमईने तिलाच गिळले.

भ्यालेल्या तारल्यांनी शेवटचा कणही खाल्ला. पाणी स्फटिकासारखे नितळ झाले, आणि तारल्या उपासमारीने संपल्या. निळ्या उजेडात सुरमई आपले रूप न्याहाळत तरंगत राहिली. भूक लागली तेव्हा तिला फार दूरवरचे दिसत होते. खाण्याजोगे काहीच नव्हते. त्याच निर्मळ पाण्यात ती उपाशी मेली.