कोणाचीच नसलेली घळ

त्या राज्यात कोणी काही टाकत नसे. मुका झालेला रेडिओ, काच तडकलेला मोबाईल, फिरायचे विसरलेला टेबलफॅन, कशाचा होता हे कोणालाच न आठवणारा चार्जर, सगळ्यांना घरात जागा होती. "असू दे, लागेल कधीतरी," एवढे म्हटले की वस्तूचा प्रश्न मिटे. मग ती टेबलावरून कपाटावर जाई, कपाटावरून पलंगाखाली आणि पलंगाखालून माळ्यावर. पुढे एखाद्या दिवशी ती माळ्यावरूनही नाहीशी होई, आणि त्याबद्दल घरात कोणी विचारपूस करत नसे.

डोंगराच्या पायथ्याशी एक घळ होती. माळ्यांवरून नाहीशा झालेल्या वस्तू तिथे सापडत. त्या तिथे पोचतात कशा, असे विचारले की खारी झाडाकडे बघत आणि साळिंदरे जमिनीकडे. घळीत काही ढकलताना कोणी कोणाला पाहिले नव्हते. त्यामुळे तिथला ढीग कोणाचाच नव्हता, आणि कोणाचाच नसल्यामुळे तो फार जोमाने वाढत होता.

घळीच्या तळाशी चिचुंद्र्यांची वस्ती होती आणि वस्तीत त्यांची शाळा. शाळेच्या बाईंचे नाव बकुळाबाई. चिचुंद्रीच्या पोटी आलेल्या मुलीला हे नाव ठेवणाऱ्या आईबापांच्या धाडसाचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण बाईंना त्याचे कधी ओझे वाटले नाही. शाळेमागे एक झरा होता. पूर्वी म्हणे त्याचे पाणी गुडघाभर उसळायचे. आता ढिगाखालून गंजाच्या रंगाची एक बारीक धार तेवढी येत होती. पिल्ले तेच पाणी पीत आणि दुपारी पोट धरून बसत. त्या उन्हाळ्यात धार आणखी बारीक झाली. पाणी थांबले की शाळा उठणार आणि शाळेपाठोपाठ वस्ती उठणार, हे बाईंना स्पष्ट दिसत होते. हजेरी घेण्याआधी त्या रोज झऱ्यात बोट बुडवून बघत.

डोंगरापलीकडे एक भट्टी होती. मेलेल्या वस्तू तिथे वितळून पुन्हा कामाच्या होत. भट्टीचा गाडा एक म्हातारे कासव ओढत असे. ते यायला तयार होते, पण त्याची अट होती: शंभर धोंड्यांचे वजन भरत असेल तरच. "अर्ध्या गाड्यासाठीही खिंड पुरतीच चढावी लागते," असे ते म्हणे, आणि यात खोटे काही नव्हते. एकदा फुकट हेलपाटा पडला की त्या गावाचे नाव ते पुन्हा काढत नसे, अशीही त्याची ख्याती होती.

शेवटी बकुळाबाई मुंगूस पाटलांकडे गेल्या.

"पाटील, शाळाशाळांत स्पर्धा लावा," त्या म्हणाल्या. "जी शाळा बिघडलेल्या वस्तू जास्त जमवेल ती पहिली. पोरं एकदा हट्टाला पेटली की मोठ्यांना गप्प बसवत नाही. शंभर धोंडे सहज भरतील."

पाटलांना स्पर्धा आवडत, कारण निकाल त्यांना लावायचा असे. त्यांनी लगेच तराजू पुसून घेतला आणि एका काळ्या खडकावर तीन शाळांसाठी तीन रकाने आखले: शेंड्यावरची खारींची शाळा, पठारावरची साळिंदरांची शाळा आणि घळीतली चिचुंद्र्यांची शाळा. एका धोंड्याला खडूची एक रेघ. "मात्र घळीतलं काही चालायचं नाही," त्यांनी बजावले. "ते मांडायचं कोणाच्या नावावर? जे ज्याचं, ते त्यानं घरून आणायचं." बाईंना बोलायचे होते, पण त्यांनी मनाशी म्हटले, आधी गाडा तर येऊ दे, मग घळीचेही बघता येईल.

स्पर्धा सुरू झाली आणि राज्यात उत्साहाला उधाण आले. पिल्ले दारोदार फिरू लागली. मोठ्यांनी सढळ हाताने दिले, म्हणजे एका आजोबा खारीने इयरफोनची एक बाजू तोडून दिली आणि दुसरी ठेवून घेतली, कारण ती लागेल कधीतरी. एका साळिंदराने चार्जर दिला आणि मोबाईल ठेवला; त्याच्या शेजाऱ्याने मोबाईल दिला आणि चार्जर ठेवला. दोघांनाही त्यागाचे समाधान सारखेच मिळाले.

वस्तू वाहायला टोपल्या हव्या होत्या, आणि टोपल्या विणण्याची कला फक्त चिचुंद्र्यांकडे होती. बकुळाबाईंनी दोन्ही शाळांना हव्या तेवढ्या टोपल्या आनंदाने दिल्या. खरी गंमत तिथून सुरू झाली.

दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, ही त्या राज्यातली जुनी रीत. चिमूटभर साखर तरी घालावी, नाहीतर तो उघड अपमान. खारींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका चपलाताई रीतीभातीच्या फार पक्क्या. टोपली परत धाडताना शाळेत साखर कुठली असायला? त्यांनी ढिगातला एक रेडिओ उचलला आणि टोपलीत ठेवला. चिचुंद्र्यांच्या शाळेत तो पोचताच पाटलांनी तिथे रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी खारींना पुन्हा टोपली हवी झाली. भरून आलेली टोपली रिकामी कशी पाठवायची? बाईंनी तिच्यात एक इस्त्री ठेवली. खारींच्या रकान्यात रेघा वाढल्या. साळिंदरांचे त्रिंबक गुरुजी हे सारे बघत होते. आपली शाळा चालीरीतीत मागे पडते आहे हे त्यांना सोसवेना. त्यांनी दोन्हीकडे दोन दोन मिक्सर पाठवले आणि दोन्हीकडून काहीबाही परत मिळवले. आलेल्या वस्तूची रेघ ओढली तर गेलेल्या वस्तूची पुसायला हवी, असे पाटलांना कोणी सांगितले नाही, आणि त्यांना कोणी काही सांगावे अशी त्यांची पद्धतही नव्हती.

आठव्या दिवशी खारींच्या तेहेतीस रेघा झाल्या, साळिंदरांच्या एकतीस आणि चिचुंद्र्यांच्या सदतीस. शंभर पार! पाटलांनी टिटवीला निरोप देऊन कासवाकडे पिटाळले. घळीत तर दिवाळीच झाली. आयुष्यात कधी कशात पहिली न आलेली चिचुंद्र्यांची पिल्ले एकमेकांच्या शेपट्या धरून शाळेभोवती फेऱ्या मारू लागली. बकुळाबाईही दोन फेऱ्या मारून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारींकडून टोपली आली. पिल्ले भोवती जमली आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, हिंग!"

चिचुंद्र्यांना दिसते कमी, पण त्यांचे नाक कधी चुकत नाही. टोपलीत एक रेडिओ होता. कुठल्याशा खारीच्या स्वयंपाकघरात तो वर्षानुवर्षे हिंगाच्या डबीशेजारी बसलेला असणार. बाईंनी तो हुंगला, पुन्हा हुंगला आणि आठवू लागल्या. सोमवारी आलेला रेडिओ हाच. बुधवारी पठारावरून आलेला हाच. मागच्या सहा दिवसांत हा महाशय त्यांच्या शाळेत अकरा वेळा पाहुणा म्हणून येऊन गेला होता. लग्नातला आहेर जसा घरोघर फिरून शेवटी पहिल्याच घरी पोचतो, तसे चालले होते.

बाईंना आधी हसू फुटले. मग ते ओठांवरच विरले. म्हणजे शंभर धोंडे कुठेच नव्हते. कासव मात्र निघाले होते. त्याला इथे थोडका ढीग दिसला तर ते जन्मात या बाजूला फिरकणार नव्हते, आणि झऱ्याला तेवढी सवड नव्हती. घडले ते सांगितले तर पहिला नंबर जाणार होता; पिल्ले बाहेर अजून फेऱ्या मारतच होती.  बाईंनी टोपली उपडी करून झटकली आणि ती रिकामी टोपली डोक्यावर घेऊन डोंगर चढू लागल्या.

खारींच्या शाळेत प्रार्थना चालू होती. त्रिंबक गुरुजी आणि पाटीलही कासवाच्या स्वागताचे ठरवायला आलेले होते. बकुळाबाईंनी सगळ्यांच्या देखत टोपली चपलाताईंपुढे ठेवली. ताईंनी आत पाहिले आणि त्यांची शेपटी फुलली.

"बाई, ही रिकामी आहे."

"हो. रिकामीच आणलीय."

"आमचं काही चुकलं का?" ताईंनी विचारले. त्या राज्यात एवढे उघड वैर अलीकडे कोणी धरले नव्हते.

"कोणाचंच चुकलं नाही, ताई. आपण एकमेकांशी फार चांगलं वागलो, तिथंच घोटाळा झाला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी रेडिओच्या अकरा फेऱ्या सांगितल्या.

पाटलांचा विश्वास बसेना. तिन्ही शाळांचे ढीग आणून एकत्र तोलले गेले. सत्तावीस धोंडे भरले. पाटील कधी तराजूकडे बघत, कधी खडकाकडे. "रेघा तर बरोबर आहेत," ते म्हणाले.

"कासव परवा पोचतंय," बाई म्हणाल्या.

मग सगळे एकदम बोलू लागले. खारी म्हणाल्या, सुरुवात मिक्सरवाल्यांनी केली. साळिंदरांनी काटे फुलवले. आपल्या घरी आता देण्याजोगे काही म्हणजे काहीच उरलेले नाही, असे सांगत प्रत्येकाने कानावर हात ठेवले. ऊन वाढत होते आणि आवाजही.

"भांडण होईल सावकाश," बकुळाबाई म्हणाल्या. "आधी खाली चला, पाणी प्या."

दिलेल्या पाण्याला नाही म्हणायची त्या राज्यात सोय नव्हती. सगळे घळीत उतरले. बरेच जण तिथे पहिल्यांदाच येत होते, निदान त्यांच्या चेहऱ्यांवर तसे लिहिलेले होते. बाईंनी पानांच्या द्रोणांतून झऱ्याचे पाणी दिले. त्रिंबक गुरुजी वयाने मोठे, म्हणून पहिला द्रोण त्यांना. त्यांनी घोट घेतला. थुंकावे तर असभ्यपणा. त्यांनी डोळे मिटून तो गिळला.

"पोरं हेच पितात?" त्यांनी विचारले.

"हेच. दुसरं कुठून आणू, गुरुजी?"

गुरुजींना त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी मान खाली घातली, आणि समोर ढिगात एक टेबलफॅन होता. त्याच्या जाळीत एक पांढराकाळा काटा अडकून बसला होता. तो साळिंदराच्या पाठीवरचा, हे आंधळ्यालाही कळले असते. सगळ्यांनी काट्याकडे पाहिले, मग गुरुजींकडे.

"हा आमचा," गुरुजी हळूच म्हणाले. "साफसफाईत मीच ढकलला. घरी सांगितलं, दुरुस्तीला दिलाय."

 पाटलांनी सवयीने खडू काढला. "घरचा आहे म्हणताय? जे ज्याचं ते त्याचं. नियमात बसतं. साळिंदरांच्या नावावर पाच धोंडे."

"पाच!" एक खार किंचाळली. "मग तो टीव्ही आमचा!"

"तुमचा कसा? तो आमच्या आत्याचा!"

आणि घळीत झुंबड उडाली. कालपर्यंत ज्या ढिगाला वारस नव्हता, त्याला आता एकेका वस्तूमागे तीन तीन वारस उभे राहू लागले. पिल्लांनी आईबापांना ओढत आणले. "याच इस्त्रीनं माझी शेपटी भाजली होती, हा बघा डाग," एक खार पुरावा दाखवू लागली. एका थोर घराण्यातल्या साळिंदरबाईंनी चार मिक्सर ओळखले आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. वाद मिटेनात तेव्हा चिचुंद्र्यांच्या पिल्लांना पंच नेमले. ती वस्तू हुंगत आणि मान हलवून सांगत, "लसणाचा वास. तिसऱ्या फांदीवरचं घर." त्यांच्या निकालावर कोणी हरकत घेतली नाही. त्यांचे स्वतःचे असे घळीत काहीच नव्हते, त्यामुळे त्यांच्या रकान्यात एकही रेघ वाढली नाही आणि त्यांची शाळा सरळ शेवटच्या नंबरावर गेली. पंचगिरीच्या नादात हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

तिसऱ्या दिवशी कासव आले. गाडा भरला, शिगोशीग भरला, तरी घळीत वस्तू होत्याच. कासवाने पाठ चोळली, कुरकुरल्यासारखे केले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो म्हणाले.

त्या दुसऱ्या खेपेला अगदी तळाची एकच वस्तू उरली, एक कपडे धुण्याचे मशीन. चिखलात रुतलेले, वर शेवाळ. पाण्याने त्याचा वासही धुऊन नेला होता, त्यामुळे पंचांनी हात टेकले. खारी म्हणाल्या आमचे, साळिंदरे म्हणाली आमचेच. शेवटी एका बाजूने त्यांनी धरले, दुसऱ्या बाजूने यांनी, आणि ओढाओढ सुरू झाली. पाटील खडू सरसावून उभे राहिले. बकुळाबाईही पदर खोचून मधे घुसल्या, कोणाच्या बाजूने ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

मशीन एकदम उखडले. ओढणारे सगळे उताणे पडले. ज्या खड्ड्यातून ते निघाले होते तिथून पाणी वर आले, आधी लाल, मग गढूळ, मग नितळ, आणि बघता बघता गुडघाभर उसळू लागले. बकुळाबाईंना रडू कोसळले आणि त्यांनी ते लपवले नाही.

पाटलांच्या हातात खडू तसाच होता. "आणि हे कोणाच्या नावावर मांडू?" त्यांनी विचारले.  सगळ्यांची तोंडे पाण्यात होती.