रवळू तारीची तिरकी काठी

ते समोरचं वळण बघा. जुन्या नकाशात तिथे जुवा दाखवलाय, म्हणजे नदीतलं बेट. शोधत बसू नका, सापडायचा नाही. कागदाला काय, पूर येत नाही.

ही नदी एकेकाळी दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे आपलं संस्थान, पलीकडे फिरंगी. पाणी जिथे सर्वांत खोल, तिथे हद्द, असं ठरलेलं. पण नदी कधी एका जागी नांदते का? एक काठ खाते, दुसऱ्याला गाळ घालते. म्हणून दर कार्तिकात, पाणी निवळलं की रवळू तारीने, म्हणजे इथल्या होडीवाल्याने, वेळूची काठी घालून खोली सांगायची. दोन्हीकडचे अंमलदार होडीत बसत. आधी तो नदीला नारळ देई, खरं सांगेन अशी शपथ घेई. मग त्याचा शब्द तीच हद्द.

जुव्याच्या दोन्ही अंगांनी पाणी वाहायचं. पलीकडचा प्रवाह खोल, म्हणून जुवा आपला. त्यावर सात घरं. त्यांतल्या एका घरात रवळूची एकुलती लेक देवकी दिलेली.

एका साली थोरला पूर आला आणि पलीकडचा प्रवाह गाळाने भरला. खोल पाणी अलीकडे सरकलं. खरं सांगावं तर जुवा फिरंग्यांचा होणार. त्यात दोन्ही राज्यांचं बिनसलेलं, हद्द ओलांडणाऱ्याला गोळी घालत. देवकी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. बापाने काय करावं, तुम्हीच सांगा.

पलीकडच्या प्रवाहात रवळूने काठी तिरकी घातली, म्हणे. तिरकी काठी जास्त भिजते. धारेने ओढली असेल, असं अंमलदारांना वाटलं. पाणी होतं जेमतेम दोन वाव, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप; अलीकडच्या प्रवाहात अडीच. रवळूने तीन सांगितलं. जुवा आपल्याकडे राहिला. देवकी माहेरी आली, मुलगा झाला, सव्वा महिन्याने ती बाळाला घेऊन परत गेली.

शपथेवर बोललेला शब्द ही नदी खोटा पडू देत नाही, असं आमचे वाडवडील सांगत. पुढच्या आषाढात तिने पलीकडचा प्रवाह खरवडून तीन वाव केला. त्याला जागा लागली, ती तिने जुव्यातून घेतली. साती घरं गेली. देवकी आणि तिचं बाळ कुणालाच सापडलं नाही.

कार्तिकात अंमलदार आले. रवळूने काठी सरळ घातली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तीन वाव," तो म्हणाला. "माजोच शब्द तिना खरो केल्यान."

काठी त्याने तिथेच सोडून दिली.

पुढे राज्यं गेली, हद्दही गेली. पण आजही इथला कुठलाच तारी पाण्याची खोली तोंडाने सांगत नाही. मागे पुलासाठी मापं घ्यायला साहेब आले होते. माझ्याच होडीत बसून विचारलं, "तात्या, इथे पाणी किती असेल हो?" मी वल्हं मारत राहिलो. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, असं त्यांना वाटलं. वाटू दे. माझी धाकटी लेक पलीकडच्या काठावर दिली आहे, पाण्यापासून दहा पावलांवर.