आठवणीला एकेक कौल

खाडीकाठच्या एका गावात, माडांच्या सावलीत एक जुना कौलारू गुत्ता होता. सकाळी तिथे पोराटोरांना गोड नीरा मिळे आणि संध्याकाळी मोठ्यांना माडी व भाजलेले बांगडे. कुणाची होडी गळते, कुणाची सोयरीक जुळते, हे सारे तिथल्या बाकड्यांवर कळे. भांडलेले भाऊ पुन्हा बोलू लागत तेही तिथेच.

गुत्ता चालवणारी म्हातारी एकटी होती. सगळे तिला मावशी म्हणत. ती मागच्या खोलीत राही. दुसरे घर तिला नव्हते.

पुढे पुढे लोकांना घरी बसायची गोडी लागली. ते माडी मडक्यात भरून घरी नेऊ लागले. जो तो म्हणे, "मी नाही गेलो म्हणून काय झालं? बाकीचे असतीलच की तिथे."

गावात एक व्यापारी होता. त्याला त्या जागेवर वखार बांधायची होती. पण राजाचा नियम होता, की डोक्यावर छप्पर आणि पेटती चूल असलेले घर कोणी पाडायचे नाही. छप्पर नसलेल्या घराची जागा मात्र मागेल त्याला मिळे.

व्यापारी बाजारात गेला आणि डोळे पुसत म्हणाला, "आपला गुत्ता आता जाणार हो! आठ दिवसांनी राजाचा कारभारी येतोय. निदान आठवण म्हणून एकेक कौल तरी घरी न्या."

गाव हळहळले. ज्यांनी वर्षभर तिकडे पाऊल टाकले नव्हते, तेही धावत आले.

"मावशी, एक कौल नेऊ का गं? माझं लग्न इथेच ठरलं होतं."

"ने बाबा," मावशी म्हणाली.

कुणी एक कौल स्वतःसाठी नेले, एक सासरी गेलेल्या मुलीसाठी. एका म्हाताऱ्याने तर अख्खे बाकडेच उचलले. "चाळीस वर्षं यावर बसलोय. दुसरं बाकडं माझ्या बुडाला मानवायचं नाही," तो म्हणाला. प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी होते, त्यामुळे मावशीला कुणाला नाही म्हणता येईना.

सातव्या दिवशी सकाळी होड्या बांधणारा सुतार नीरा प्यायला आला. मावशी चुलीला फुंकर घालत होती आणि ऊन थेट तिच्या डोक्यावर पडत होते.

"मावशी, छप्पर कुठे गेलं?"

"गावात गेलं."

सुतार बाजारात जाऊन ओरडला, "अरे, छप्पर गेलं की ही जागा व्यापाऱ्याचीच! पण त्याला बोल लावू नका! त्याने एक खिळासुद्धा काढला नाही. गुत्ता आपणच पाडलाय!"

लोक खाली मान घालून उभे राहिले. पण कौल परत द्यायला कोणी पुढे येईना. दिलेच, आणि तरीही गुत्ता पडला, तर मग आठवणही हातची जायची.

तेवढ्यात एक कोळीण डोक्यावर कौल घेऊन आली. तिचा नवरा गेल्या वर्षी समुद्रावर गेला, तो परतला नव्हता. तो ज्या कोपऱ्यात बसे, त्या कोपऱ्यावरचे हे कौल. तिने ते देवाजवळ ठेवले होते.

शेजारीण म्हणाली, "अगं, तेवढीच तर खूण आहे ना त्याची तुझ्याकडे?"

"सात दिवस त्याच्याकडे बघत बसले," कोळीण म्हणाली. "एक अक्षर बोललं नाही. गुत्त्यात गेले की कुणी ना कुणी त्याची गोष्ट काढतं. कधी हसवतं, कधी रडवतं. मला ते हवंय."

ती शिडी चढली आणि कौल जागेवर बसवून खाली उतरली.

मग मात्र गाव थांबले नाही. कौले आली, बाकडी आली. सासरी गेलेल्या मुलींकडे होड्या धावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छप्पर उभे राहिले. काही कौले फुटली होती. तिथे सुताराने माडाच्या झावळ्यांचा झाप विणून बसवला.

कारभारी आला. व्यापारी वर बोट करून म्हणाला, "बघा साहेब, तिथे कौलच नाही! याला का छप्पर म्हणायचं?"

कारभाऱ्याने शिपायाला शिडीवर चढवले आणि झापावर घागरभर पाणी ओतायला लावले. स्वतः तो खाली बरोबर त्याच जागी उभा राहिला. पाणी झापावरून घरंगळत अंगणात गेले. कारभाऱ्याच्या पागोट्यावर एक थेंबही पडला नाही.

"छप्पर आहे. चूल पेटलेली आहे," तो म्हणाला. "आता एवढंच सांगा, मावशी, बसायला जागा आहे का?"

जागा नव्हती. अख्खे गाव आत होते. असा जल्लोष उठला, की माडांवरचे कावळे उडाले. म्हाताऱ्याने आपल्या लाडक्या बाकड्यावर सरकून कारभाऱ्याला बसवून घेतले.

व्यापारी हळूच निघाला, तशी मावशीने त्याला हाक मारली. भरलेला पेला पुढे करत ती म्हणाली, "शेठ, असे रिकामे जाऊ नका. आमच्याकडची आठवण पोटातून न्यायची असते!"

तात्पर्य: जे टिकावे असे वाटते, त्याचा तुकडा घरी नेऊ नये, आपणच तिथे जात राहावे.